मॅट घेताय? आधी झोपून बघा!

कळसूबाईला जायचं ठरलं की बायकांचा पहिला प्रश्न असतो, "खायला काय न्यायचं?" दुसरा, "बाथरूमची सोय आहे ना?" (अगदी रास्त प्रश्न!) पण झोपायचं कशावर, हे कुणीच विचारत नाही. "मला काय गं, एक चटई पुरे," म्हणून मोकळ्या होतात. याच बायकांनी मुलाच्या ट्रेकसाठी मात्र बूट, सॅक, मॅट अशी साग्रसंगीत खरेदी केलेली असते!

आमच्या बचत गटाची दर हिवाळ्यात एक सहल असते. यंदा भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम करून पहाटे बारी गावातून कळसूबाई चढायचं ठरलं. 1646 मीटर, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि वाटेत लोखंडी शिड्या. रात्रभर कूस बदलत काढली तर पन्नाशीच्या बाईनं त्या शिड्या चढायच्या कशा? गटातल्या एका काकूंना पाठीचं दुखणं आहे. "मी नाही बाई येत, तुमच्या गळ्यात लोढणं नको," असं त्यांनी सांगून टाकलं, तेव्हा मी मॅटचा विषय मनावर घेतला.

मॅट मऊपणासाठी असते असं आपल्याला वाटतं. पण तिचं पहिलं काम थंडी अडवण्याचं. जमीन अंगातली ऊब सतत ओढून घेते. खाली रजई घातली तर आपल्या वजनानं ती दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. म्हणून अंगावर दोन-दोन पांघरुणं घेऊनही पाठ गारच राहते. आपल्या आज्या घोंगडं खाली अंथरायच्या ते उगाच नाही. तंबूपर्यंत गाडी जात असेल तर आजही खुशाल घोंगडं न्या. पाठीवरून न्यायचं तर मात्र ते जड होतं.

कमी पैशांत सर्वांत भरवशाची ती फोमची कॅरी मॅट. हजार रुपयांच्या आत चांगली मिळते, वजनाला हलकी आणि काटा टोचला तरी काही बिघडत नाही. पण फोमफोममध्ये फरक असतो बरं का. दुकानात अंगठ्यानं जोरात दाबून बघा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा पॅकिंगचा फोम स्वस्त पडतो, पण चार-सहा मुक्कामांत चपटा होतो. पाणी शोषणारा स्पंज तर नकोच. पहाटेच्या दवानं तो ओला झाला की संपलं! जाडी निदान आठ-दहा मिलिमीटर हवी. घरातली योगासनांची मॅट चालेल का, असं हमखास विचारतात. एका रात्रीपुरती चालेल, पण ती पातळ आणि त्या मानानं जड असते.

नुसती हवा भरायची गादी दिसायला झकास. पण आत फोम किंवा अस्तर नसेल तर आतली हवा गार पडते आणि आपणही गार पडतो. शिवाय बाभळीचा एक काटा लागला की मध्यरात्री जमिनीवर! त्यापेक्षा आत फोम असलेली, झडप उघडली की बरीचशी आपोआप फुगणारी मॅट बरी. पाठीला खरा आराम तीच देते. मात्र त्यासाठी दोन-तीन हजारांची तयारी ठेवावी लागते.

वेष्टनावर 'आर व्हॅल्यू' लिहिलेली असेल तर जरूर वाचा. हा आकडा जितका मोठा, तितकी थंडी कमी लागते. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपल्या सोयीनं मोजायची. 2018 साली अमेरिकेत एएसटीएम या संस्थेनं मोजायची एकच पद्धत ठरवून दिली. आपल्या सह्याद्रीतल्या थंडीला दोनच्या आसपासचा आकडा पुरतो. आणि गंमत म्हणजे एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची चक्क बेरीज होते! म्हणजे महागाची एक घेण्यापेक्षा साध्या दोन घातल्या तरी निभतं.

आणखी एक. दुकानात मॅट अंथरून तिच्यावर आडव्या व्हा. लाजू नका, साडी खरेदी करताना पन्नास साड्या उलगडायला लावतोच ना आपण! बहुतेक बायका कुशीवर झोपतात, आणि कुशीवर सगळा भार खांदा आणि कमरेच्या हाडावर येतो. उताणं झोपून मऊ वाटलेली मॅट कुशीवर टोचू शकते. तशी टोचली तर कमरेखाली जुनी सुती साडी चौघडी करून घालायची.

गटाच्या पैशातून आम्ही दहा फोमच्या आणि दोन फुगणाऱ्या मॅट घेतल्या. यावर बैठकीत वाद झालाच. "झोपण्यासाठी कसला खर्च?" असं एकीनं विचारलं, तर दुसरीनं फुगणाऱ्या दोन कुणाला मिळणार ते आधी ठरवा म्हणून हट्ट धरला. ज्यांना पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांना, असं ठरलं. मॅट सॅकला बाहेरून बांधताना कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत गुंडाळायची, नाहीतर करवंदीच्या जाळ्या तिची लक्तरं करतात.

काकूंनी डॉक्टरांना विचारलं आणि आल्या. खाली फोमची, वर फुगवलेली, अशा दुहेरी थाटात पहाटे चारपर्यंत घोरल्या! दुसऱ्या शिडीपर्यंत चढल्या आणि तिथं "आता मी इथं बसते, तुम्ही देवीला माझा नमस्कार सांगा," म्हणाल्या.

आता या मॅट एका मैत्रिणीच्या माळ्यावर असतात. आल्या की साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायच्या आणि फुगणाऱ्या मॅटची झडप उघडी ठेवायची. पण माळ्यावर त्या फार दिवस राहत नाहीत. सध्या दोन मॅट सरकारी रुग्णालयात आहेत. सासूबाईंच्या सोबतीला राहिलेली गटातलीच एक सून आणि तिची नणंद पाळीपाळीनं कॉटशेजारच्या फरशीवर झोपताहेत.