तळाशी बसलेले

शेकरवरून काढलेली नळी स्टँडमध्ये ठेवली आणि नुसता बघत राहिलो. साधं यीस्ट असतं तर द्रव बराच वेळ गढूळच राहिला असता. 5 मायक्रॉनच्या आसपासची एकटी पेशी सावकाश खाली बसते. इथे मात्र काही मिनिटांत वरचा थर निवळला आणि तळाशी पांढुरका साका जमला. पिपेटनं तेवढा साका उचलायचा, ताज्या माध्यमात सोडायचा, नळी पुन्हा 30 अंशांवर हलत ठेवायची. वरचं सगळं टाकून द्यायचं. उद्या परत हेच.

मिनेसोटा विद्यापीठात विल्यम रॅटक्लिफ आणि मायकेल ट्राव्हिसानो यांनी हेच केलं. जो लवकर बुडेल तो जगेल, एवढाच नियम. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 60 दिवसांच्या आत दहाही नळ्यांत पेशींचे फांद्याफांद्यांचे पुंजके तयार झाले. त्यांना ‘स्नोफ्लेक यीस्ट’ म्हणतात.

स्लाइडवर हा पुंजका जरूर पाहावा. आईला लेक चिकटलेली, लेकीला नात. या पेशी कुठून कुठून येऊन जमलेल्या नाहीत, त्या वेगळ्या झाल्याच नाहीत. आईवर मुकुल फुटून लेक तयार झाल्यावर दोघींमधली भिंत विरघळवणारी विकरं एसीई2 या जनुकामुळे तयार होतात. ते बिघडलं की लेक आईपाशीच राहते. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पुंजका एकाच वंशाचा, त्यामुळे आयतं खाणाऱ्या परक्याला आत शिरकाव नाही. कव्हरस्लिप हलकेच दाबली तर पुंजका तडकतो. नळीत गर्दीच्या ताणानं तो आपोआप तुटतो आणि तुटलेला तुकडा नवा पुंजका म्हणून वाढतो. म्हणजे निवड आता पेशीची नाही, पुंजक्याची.

पुढे जॉर्जिया टेकमध्ये ओझान बोझदाग आणि रॅटक्लिफ यांनी या यीस्टच्या सुमारे 3000 पिढ्या वाढवल्या. ते निष्कर्ष 2023 साली आले. ऑक्सिजन न वापरणाऱ्या यीस्टचे पुंजके नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे झाले. ऑक्सिजनवर जगणारे लहानच राहिले, कारण तुटपुंजा ऑक्सिजन आतल्या पेशींपर्यंत पोचत नाही. मोठ्या पुंजक्यांत पेशी लांबट झाल्या आणि फांद्या करवंदीच्या जाळीसारख्या एकमेकींत अडकल्या. आता एखादा सांधा तुटला तरी तुकडा सुटत नाही.