समुद्रावरील परवाने : कार्ताझ, दस्तक व कौल

जुन्या दफ्तरांत जहाजाचा एखादा परवाना आढळल्यास तो जकातीची क्षुल्लक पावती समजून बाजूस टाकला जाण्याचा संभव असतो. वस्तुतः तरांडें, माल व खलाशी या तिहींचें भवितव्य त्या कागदावर अवलंबून असे.

सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं कार्ताझ नांवाच्या परवान्याची सक्ती चालू केली. त्यांत नाखव्याचें नांव, जहाजाचें मान, शस्त्रें व जाण्याचें ठिकाण नमूद असे. निषिद्ध माल नेण्यास मनाई असून पोर्तुगीज बंदरीं जकात भरावी लागे. अट मोडल्यास जहाज जप्त होई. परंतु कागद जवळ असला म्हणजे अभय मिळेच असें नाहीं. इ. स. १६१३ त जहांगीर बादशहाच्या मातेचें 'रहीमी' जहाज कार्ताझ असतांही पोर्तुगीजांनीं सुरतेजवळ धरून गोव्यास नेलें. तेव्हां मोगलांनीं दमणास वेढा दिला.

पुढें कान्होजी आंग्रे यांनीं कोंकणच्या समुद्रांत दस्तकाचा हक्क सांगितला. विनादस्तक जहाज धरणें हा त्यांच्या मतें सत्तेचा अधिकार. इंग्रजांच्या मतें ती चांचेगिरी. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत तर कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांस उपद्रव न देण्याविषयीं आरमारास स्पष्ट ताकीद आहे. म्हणून इंग्रजी पत्रांत 'चांचे' शब्द आला असतां, धरलेल्या जहाजाजवळ कोणाचा परवाना होता हें प्रथम पाहावें, असें आम्हांस वाटतें.

संग्राहकांनीं असे कागद शिक्का, मिति व पाठीवरील शेऱ्यांसह जतन करावे, ही आमची विनंती आहे.