हात वर करून दिलेले मत

ऑगस्ट 2015 मध्ये बेंगळुरूच्या नागरिकांनी महानगरपालिकेवर 198 सभासद निवडून दिले, तेव्हा भारतीय जनता पक्षाला 100, काँग्रेसला 76, धर्मनिरपेक्ष जनता दलाला 14 आणि अपक्ष व इतर मिळून 8 जागा मिळाल्या. 198 जणांच्या सभागृहात 100 म्हणजे काठावरचे का होईना, पण स्पष्ट बहुमत होय. असे असूनही 11 सप्टेंबर रोजी पालिकेच्या मुख्यालयातील केंपेगौडा सभागृहात महापौरपदासाठी मतदान झाले, तेव्हा काँग्रेसचे बी. एन. मंजुनाथ रेड्डी 131 मतांनी विजयी झाले आणि भाजपच्या उमेदवाराच्या वाट्याला 128 मते आली. ज्या सभागृहात नगरसेवक 198 आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एका पक्षाचे, तेथे 259 मते पडतात कशी आणि बहुमताचा पक्ष हरतो कसा, हा प्रश्न कोणाही नागरिकाच्या मनात उभा राहावा. आणि त्याच्या उत्तरातच या नगरीच्या कारभाराचे पुष्कळसे मर्म साठविलेले आहे.

कर्नाटकाच्या कायद्यानुसार महापौराच्या निवडणुकीत नगरसेवकांबरोबर शहराचे आमदार व लोकसभेचे खासदार हेही मतदार असतात, आणि राज्यसभा व विधान परिषदेचे जे सभासद शहरात मतदार म्हणून नोंदलेले असतील त्यांनाही हा अधिकार पोहोचतो. अशा सुमारे साठ मानकऱ्यांची मते तराजूच्या दोन्ही पारड्यांत विभागून पडली, जनता दलाने व बहुतेक अपक्षांनी काँग्रेसशी हातमिळवणी केली, आणि प्रभागाप्रभागांतून जनतेने दिलेला कौल तीन मतांनी फिरला. जे घडले ते कायद्याच्या चौकटीत घडले यात संशय नाही. परंतु ज्यांना गटार, दिवाबत्ती आणि कचरा या प्रश्नांवर कोणी निवडून दिलेले नाही, त्यांनी नगराचा प्रथम नागरिक ठरवावा, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. पुढे 2019 च्या जुलैत राज्यातील सरकार पालटले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस त्याच सभागृहाने भाजपचे एम. गौतम कुमार यांना 129 विरुद्ध 112 मतांनी महापौर केले, तेव्हा नगरसेवकांच्या मनापेक्षा विधानसौधातील वाऱ्याची दिशा अधिक प्रभावी ठरते, हे पुन्हा एकवार दिसून आले.

या निवडणुकीची रीत मात्र पाहण्यासारखी असते. महापौराची मुदत तेव्हा अवघी एक वर्षाची असे, आणि ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील याचा हुकूम राज्य सरकार काढीत असे. निवडणुकीच्या दिवशी सभेचे सूत्रचालन महापौर करीत नाहीत. प्रादेशिक आयुक्त निवडणूक अधिकारी म्हणून आसनस्थ होतात, हजेरी घेतली जाते, उमेदवारांची नावे पुकारली जातात, आणि मग गुप्त मतपत्रिका न वापरता सभासद हात वर करून आपले मत उघडपणे देतात. अधिकारी ते हात मोजतात व कोणी कोणाला मत दिले याची नोंद होते. पक्षाचा आदेश मोडणाऱ्याला लपण्यास येथे जागा उरत नाही, हा एक परिणाम. आणि प्रभागातील साध्या मतदारालाही आपल्या प्रतिनिधीचा हात कोणासाठी वर गेला हे जाणून घेता येते, हा दुसरा आणि माझ्या मते अधिक मोलाचा.

बेंगळुरूला नगरसभा नवी नव्हे. 1862 मध्ये नऊ प्रतिष्ठित नागरिकांचे पहिले मंडळ स्थापन झाले. पुढे जुने शहर म्हैसूर संस्थानाकडे आणि छावणीचा प्रदेश इंग्रजांच्या थेट अंमलाखाली, अशा दोन स्वतंत्र नगरपालिका नांदल्या. आणि स्वातंत्र्यानंतर 1949 च्या कायद्याने त्या एकत्र येऊन महानगरपालिका जन्मली. 2007 मध्ये भोवतालच्या सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि 110 गावे जोडून ‘बृहत् बेंगळुरू महानगर पालिके’ची स्थापना झाली. मराठी वाचकाला या भूमीशी असलेले नाते वेगळे सांगावयास नको, कारण शहाजीराजांच्या जहागिरीचे हे मुख्य ठाणे होते आणि मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी 1669 मध्ये दान दिल्याचा शिलालेख अद्याप तेथे वाचावयास मिळतो. परंतु राजाने दिलेले दान आणि नागरिकांनी आपसांत ठरवून केलेला खर्च यांत महदंतर आहे, आणि नगरसभेचा विचार करावयाचा तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

मासिक सभेचे कामकाज वरवर पाहता नीरस भासते. विषयपत्रिकेवर आयुक्तांकडून आलेले प्रस्ताव असतात. त्यांतील बहुतेक आधी स्थायी समित्यांपुढे छाननीसाठी गेलेले असतात. कर व अर्थ, सार्वजनिक आरोग्य, नगररचना, शिक्षण, लेखा, बाजार, उद्याने अशा खात्यांच्या बारा समित्या पालिकेत होत्या, आणि वार्षिक अंदाजपत्रक मांडण्याचा मान कर व अर्थ समितीच्या अध्यक्षाचा, म्हणजे एका लोकनियुक्त नगरसेवकाचा असे. सभेत कोणी ठराव मांडतो, कोणी त्यास अनुमोदन देतो, विरोधी बाकांवरून उपसूचना येते, गोंधळ झाला तर सभा तहकूब होते, पक्ष रुसला तर सभात्याग होतो. बहुसंख्य विषय चर्चेवाचून संमत होतात हे खरे; तथापि ज्या विषयावर एखादी सभासद उठून ‘माझ्या प्रभागातील या कामाचे बिल निघाले, पण रस्ता कोठे आहे?’ असे विचारते, त्या विषयाचे दप्तर पुढे कोणालाही सहज गुंडाळून ठेवता येत नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये शहरभर लटकणाऱ्या अनधिकृत फ्लेक्स-फलकांवरून उच्च न्यायालयाने पालिकेला खडसावले, तेव्हा सभेने एक वर्षासाठी फलकबंदीचा ठराव केला. ज्या फलकांवर अनेक नगरसेवकांचीच हसरी छायाचित्रे झळकत असत, ते उतरविण्याच्या बाजूने त्याच सभागृहाला उभे राहावे लागले. न्यायालयाच्या धाकाने का होईना, पण उघड सभेत.

विरोधी मत नोंदले जाणे याला मी इतके महत्त्व का देतो, हे सांगण्यासाठी पुण्याचा दाखला पुरेसा आहे. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा करदात्यांचा तो पैसा शिक्षणाकडे लावावा अशी त्यांची धारणा होती, आणि बत्तीस सभासदांच्या सभेत त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. ठराव अर्थातच संमत झाला. परंतु त्या दिवशीचे एकतीस जण कोण होते हे आज महाराष्ट्राला आठवत नाही, आणि ते एक मत मात्र शालेय मुलांनाही ठाऊक आहे.

आता बेंगळुरूचे दुखणे हे की, शहराचे आयुष्य घडविणारे किंवा बिघडविणारे कित्येक निर्णय या सभागृहाच्या उंबऱ्याबाहेर होतात. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपविण्याजोग्या अठरा विषयांची सूची दिली. पण पाणीपुरवठा 1964 पासून वेगळ्या मंडळाकडे, नगरनियोजन व नव्या वसाहती 1976 च्या कायद्याने स्थापिलेल्या विकास प्राधिकरणाकडे, बसगाड्या एका महामंडळाकडे आणि मेट्रो दुसऱ्या निगमाकडे, असा कारभार विभागलेला आहे. 2016 मध्ये बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत 6.7 किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याचे राज्य सरकारने ठरविले. खर्च सुमारे 1,791 कोटी रुपये, आणि आठशेहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. नगरसभेत त्यावर निर्णायक मतदान होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण काम विकास प्राधिकरणाचे होते. मग 16 ऑक्टोबरच्या रविवारी हजारो स्त्री-पुरुषांनी रस्त्याच्या कडेला मानवी साखळी धरली, प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले, आणि 2 मार्च 2017 रोजी सरकारने प्रकल्प रद्द केला. नागरिकांच्या त्या निर्धाराचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु आपल्या सभागृहात हात वर करण्याची सोय असलेल्या शहराला रस्त्यावर हातांची साखळी धरावी लागली, ही खेदाची बाब आहे.

आणि 10 सप्टेंबर 2020 नंतर तर ते सभागृहच रिते झाले. राज्यघटनेचा 243 यू हा अनुच्छेद स्पष्ट आहे : नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. तरीही मुदत संपली, प्रशासक नेमला गेला, प्रभागांची संख्या 198 वरून 243 आणि 243 वरून 225 अशी बदलत राहिली, आरक्षणाचे वाद न्यायालयांत गेले, आणि पाच वर्षांहून अधिक काळ बेंगळुरूला एकही नगरसेवक राहिला नाही. मुंबई व पुणे या महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपल्यावर तेथील नागरिकांनीही हाच दीर्घ अनुभव घेतला. या काळात ठराव थांबले असे नाही. सभेच्या व समित्यांच्या ऐवजी प्रशासकाच्या सहीने ते होत राहिले. अधिकाऱ्यांनी प्रस्ताव तयार करावा आणि सनदी अधिकाऱ्यानेच त्याला सभागृह म्हणून मंजुरी द्यावी, या रचनेत विरोधी मताला जागाच नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी असतानाही कर व अर्थ समितीच्या अध्यक्षांनी दूरदृश्य प्रणालीवरून सभासदांपुढे अंदाजपत्रक मांडले होते. 2022 चे, दहा हजार कोटींहून अधिक रकमेचे अंदाजपत्रक मात्र 31 मार्चच्या रात्री उशिरा गाजावाजा न करता संकेतस्थळावर ठेवण्यात आले. कोट्यवधी रुपयांच्या त्या तरतुदींवर एकाही लोकप्रतिनिधीने प्रश्न विचारला नाही, कारण विचारावयाला कोणी नव्हतेच.

2024 च्या बृहत् बेंगळुरू प्रशासन कायद्याने आता जुनी पालिका विसर्जित केली आहे. 2 सप्टेंबर 2025 पासून मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा पाच महानगरपालिका, त्यांचे मिळून 369 प्रभाग, आणि या सर्वांच्या शिरावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण अशी नवी मांडणी झाली. महापौराची मुदतही तीस महिन्यांची झाली. प्रभाग लहान झाल्याने नगरसेवक मतदाराच्या अधिक जवळ येईल, हा लाभ मी मान्य करतो. मुख्यमंत्रीच जेथे प्रमुख, तेथे पाच महापौरांच्या शब्दाला किती वजन राहील, याविषयी मात्र मला चिंता वाटते.

या पाच सभागृहांनी आपल्या कामकाजाचे नियम बांधताना दोन गोष्टी आवर्जून घ्याव्यात. प्रत्येक ठरावावरील मत नावानिशी इतिवृत्तात नोंदवून ते इतिवृत्त कन्नडमध्ये आठवड्याच्या आत प्रसिद्ध करावे. आणि डिसेंबर 2018 पासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रभाग-समित्यांच्या ज्या सभा भरू लागल्या होत्या, ज्यांत खड्डा, फुटलेली जलवाहिनी आणि कचऱ्याची गाडी यांचा हिशेब नागरिक समोरासमोर मागत, आणि नगरसेवकांची मुदत संपताच ज्यांची जागा नेमलेल्या अधिकाऱ्यांनी घेतली, त्या सभा 369 ही प्रभागांत पुन्हा त्याच शनिवारी सुरू कराव्यात.