व्हॉट्सअ‍ॅप ‘मॉड’च्या आधीचे ‘मॉड’: डायल-अपच्या जमान्यात अनोळखी लोकांचे तुकडे जोडून सॉफ्टवेअर कसं चालायचं?

‘ही फाईल टाका, व्हॉट्सअ‍ॅपला जास्तीची फीचर्स मिळतील.’ असा मेसेज तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. बनवणारा कोण, माहीत नाही. आत काय आहे, तेही माहीत नाही. फाईल टाकायची आणि देवाचं नाव घ्यायचं!

चाळीस वर्षांपूर्वी मॉडेम वापरणारी मंडळीही अनोळखी लोकांनी लिहिलेले तुकडे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडत होती. कधी एक, कधी दोन-दोन, तीन-तीन. पण त्या जोडकामात आणि आजच्या ‘मॉड’मध्ये एक मोठा फरक आहे. तो काय, ते समजून घेऊ.

आधी, मॉडेम म्हणजे काय?

यवतमाळकरांना हे ‘शकुंतला’च्या उदाहरणाने चटकन कळेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही सुमारे ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाईन. आता ही गाडी थांबली आहे, पण एकेकाळी इथला कापूस तिच्यातून मूर्तिजापूरला जायचा. तिथे रुळांची रुंदी बदलायची. म्हणून माल उतरवून ब्रॉडगेजच्या गाडीत भरायचा आणि मग तो मुंबईकडे निघायचा.

मॉडेम म्हणजे असंच मूर्तिजापूर. कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढंच कळतं, तर टेलिफोनची तार बनवली होती माणसाच्या आवाजासाठी. मॉडेम शून्य-एकचे सूर करून तारेवर सोडतो, पलीकडचा मॉडेम त्या सुरांचे पुन्हा शून्य-एक करतो.

सुरुवातीच्या घरगुती मॉडेमचा वेग होता सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरं. तेव्हाच्या स्क्रीनवर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. हिशोब करा: एक स्क्रीन भरायला एक मिनिटाहून जास्त वेळ!

जोडण्याची गरज का पडली?

१९७७ मध्ये शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी फोनवरून फाईल पाठवण्याचा एक प्रोग्राम लिहिला आणि तो सगळ्यांना फुकट देऊन टाकला. फाईलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासोबत बेरजेचा एक आकडा पाठवायचा, पलीकडे बेरीज जुळली नाही तर तो तुकडा पुन्हा मागायचा. हीच पद्धत पुढे ‘एक्समोडेम’ म्हणून ओळखली गेली. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांनी रँडी सुएस यांच्यासोबत ‘सीबीबीएस’ सुरू केलं. फोन लावून वाचता आणि लिहिता येईल असा तो पहिला सार्वजनिक बुलेटिन बोर्ड.

प्रोग्राम लोकांना आवडला, पण एक अडचण होती. त्या काळातल्या अनेक कॉम्प्युटरवर ‘सीपी/एम’ ही ऑपरेटिंग सिस्टीम चालायची. फ्लॉपीवरची फाईल उघडणं, वाचणं ही कामं ती सगळ्या मशीनवर सारखी करून द्यायची. पण मॉडेम ज्या पोर्टला जोडायचा, तो प्रत्येक कंपनीचा निराळा. ऑस्बोर्नचा वेगळा, कायप्रोचा वेगळा. त्यामुळे एका मशीनवर नीट चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर मुका व्हायचा.

‘ओव्हरले’ची युक्ती

यावर तोडगा निघाला तो ‘ओव्हरले’चा. मुख्य प्रोग्राममध्ये एक ठरावीक जागा राखून ठेवायची. पोर्टचा नंबर काय, अक्षर कसं पाठवायचं, वेग कसा बदलायचा, एवढीच माहिती त्या जागेत. ज्याच्याकडे ज्या कंपनीचं मशीन, त्याने आपल्या मशीनपुरता तेवढाच तुकडा लिहायचा आणि सगळ्यांसाठी ठेवून द्यायचा. बाकी प्रोग्रामला हात लावायची गरजच नाही.

शेतातलं उदाहरण घ्या. ट्रॅक्टरच्या मागे थ्री-पॉइंट लिंकेज असतं. त्याला आज रोटाव्हेटर लावा, उद्या पेरणी यंत्र लावा. अवजार आणि ट्रॅक्टर एकाच कंपनीचे नसले तरी चालतं, कारण जोडायची जागा आधीच ठरलेली आहे.

रोनाल्ड फाउलर यांच्या ‘मेक्स’ या प्रोग्रामने ही कल्पना आणखी पुढे नेली. त्यात कॉम्प्युटरसाठी एक ओव्हरले आणि मॉडेमसाठी दुसरा. फायदा किती? समजा दहा प्रकारचे कॉम्प्युटर आणि पाच प्रकारचे मॉडेम आहेत. प्रत्येक जोडीसाठी वेगळा प्रोग्राम बनवायचा तर ५० प्रोग्राम लागतील. ओव्हरले वेगळे ठेवले तर १० आणि ५ मिळून १५ फायलींत काम झालं.

प्रत्यक्ष जोडायचं कसं?

ओव्हरले मिळायचा तो असेंब्ली भाषेत लिहिलेल्या साध्या मजकुराच्या रूपात. तो उघडायचा, वाचायचा, गरज असेल तर पोर्टचा नंबर बदलायचा. मग असेंबलरमधून काढला की ‘हेक्स’ फाईल तयार. या फाईलच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी महत्त्वाच्या: हे बाइट मेमरीत कुठल्या पत्त्यावर बसवायचे, ते बाइट कोणते आणि चूक पकडण्यासाठी बेरजेचा आकडा.

शेवटी ‘एमलोड’ नावाचं छोटं साधन मुख्य प्रोग्राम घ्यायचं आणि त्यावर हेक्स फायली एकामागून एक बसवून नवा प्रोग्राम तयार करायचं. पत्ता फाईलमध्येच लिहिलेला असल्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोघांचे तुकडे बरोबर आपापल्या जागी बसत.

धोका एकच: दोन तुकड्यांनी एकच पत्ता सांगितला, तर नंतर आलेला तुकडा आधीच्यावर चढून बसायचा. म्हणून जागेची शिस्त पाळणं ही सगळ्यांची जबाबदारी होती.

पुढे डॉसवर काय झालं?

डॉसच्या काळात जोडकाम सोपं झालं. ‘टेलिक्स’ आणि ‘प्रोकॉम’ या प्रोग्राममध्ये स्क्रिप्ट लिहिता यायची: नंबर फिरव, एंगेज असेल तर पुन्हा फिरव, लॉगिन कर. फाईल पाठवण्याची पद्धतही बाहेरून जोडता यायची. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे चक फोर्सबर्ग यांचं १९८६ चं ‘झेडमोडेम’. लाईन तुटली तर जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करणं हे त्याचं वैशिष्ट्य.

याचं मोल आपल्याकडे काय होतं, ते बघा.

मुंबई, यवतमाळ आणि एसटीडीचं मीटर

महाराष्ट्रात डायल-अपची सुरुवात संशोधन संस्थांतून झाली. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास फोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुलं केलं, तेही मुंबईसह मोजक्या महानगरांत. यवतमाळसारख्या ठिकाणाहून मुंबईचा नंबर लावायचा तर एसटीडी. म्हणजे मॉडेम करकरायला लागला की मीटर पळायला लागलं!

आता गणित मांडू. तीन लाख बाइटची फाईल, वेग सेकंदाला २४०० बिट, म्हणजे साधारण २४० अक्षरं. फाईल उतरायला जवळपास २१ मिनिटं लागणार. अठराव्या मिनिटाला लाईन तुटली, तर एक्समोडेमवाल्याचा सगळा खर्च पाण्यात. झेडमोडेमवाल्याला उरली फक्त तीन मिनिटं. कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली जोडणी इथे थेट खिशातले पैसे वाचवत होती.

विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर तेव्हा फक्त अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. जगभर अशा ‘शेल’ खात्यांवर लोकांनी त्यातूनही वाट काढली. ऑस्ट्रेलियाच्या डॅनी गॅस्पारोव्स्की यांचं ‘स्लर्प’ पलीकडच्या सर्व्हरवर चालवायचं, टास्मानियाच्या पीटर टॅटम यांचं ‘ट्रम्पेट विनसॉक’ आपल्या विंडोजवर बसवायचं. दोन्ही जुळले की अक्षरांच्या खात्यावर चित्रांसकट ब्राऊझर चालू! ‘स्लर्प’चा कोड आजही ‘क्यूईएमयू’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. टॅटम यांचं सॉफ्टवेअर मात्र असंख्य लोकांनी पैसे न देता वापरलं. पुढे २०११ मध्ये काही जुन्या वापरकर्त्यांनी इंटरनेटवर हाक दिली आणि अनेकांनी त्यांना उशिरा का होईना, पैसे पाठवले.

मग आजच्या ‘मॉड’मध्ये फरक काय?

जुना काळ सगळा सोन्याचा होता असं नाही. चांगल्या प्रोग्रामचं नाव लावून डिस्क पुसणाऱ्या फायली तेव्हाही फिरायच्या. अशा फायलींची ‘डर्टी डझन’ नावाची यादी १९८५ पासून लोकच बनवून एकमेकांना पाठवत होते.

पण ओव्हरले वाचता येत होता, त्याची जागा ठरलेली होती आणि तो मूळ प्रोग्रामच्या मर्जीने जोडला जायचा. ‘जीबी व्हॉट्सअ‍ॅप’सारख्या अ‍ॅपमध्ये हे काहीच नाही. ती जोडणी नसून पूर्ण अ‍ॅपचीच बदललेली प्रत असते. आत काय बदललंय ते आपल्याला दिसत नाही, आणि आपले सगळे मेसेज तिच्याच हातात. अशी अनधिकृत अ‍ॅप वापरणाऱ्यांची खाती व्हॉट्सअ‍ॅप बंदही करतं.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर फाईल आली, तर स्वतःला चार प्रश्न विचारा:

१. हिचा कोड उघडा आहे का? मला नाही, तर निदान जाणकारांना तो वाचता येतो का?

२. मूळ अ‍ॅपने जोडणीसाठी अशी जागा दिली आहे, की हे मागच्या दाराने चाललंय?

३. ही फाईल माझ्याकडून कुठल्या परवानग्या मागते?

४. उद्या नको वाटली तर मूळ अ‍ॅपला धक्का न लावता ती काढता येईल का?

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ आलं, तर फाईल टाकू नका. पुढे तर मुळीच पाठवू नका.