घरचा संगणक किती वीज खातो? धंद्याचा हिशेब

जळगावच्या तांबापुऱ्यात काय किंवा धुळ्याच्या देवपुरात काय, घरी संगणक ठेवून टायपिंग, लग्नपत्रिका, ऑनलाइन फॉर्म अशी कामे घेणारे तरुण आणि भगिनी आहेत. कागद आणि शाईचा खर्च ते पानामागे धरतात. विजेचा मात्र धरत नाहीत, कारण बिल घरखर्चातून भरले जाते. त्यामुळे धंद्यात दिसणाऱ्या नफ्यातला काही भाग घरातल्याच खिशातून आलेला असतो.

हिशेब सोपा आहे. वॅटला तासांनी गुणावे आणि १००० ने भागावे. येतील ती युनिटे. संगणकाच्या डब्यात ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे म्हणून तो ४५० वॅट खातो असे नाही. ती त्याची कमाल क्षमता होय. साध्या कामात डबा आणि एलसीडी पडदा मिळून १०० वॅट धरावेत. रोज ८ तास, महिन्यात २६ दिवस काम केल्यास सुमारे २१ युनिटे होतात. लॅपटॉप ४० वॅटचा धरल्यास तेवढ्याच कामाला ८ युनिटे पुरतात.

स्वतःच्या संगणकाचा खरा आकडा हवा असेल तर घरातली बाकी सर्व उपकरणे बंद करून मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा १० मिनिटे मोजावा. एका युनिटला किती लुकलुक, हे मीटरवर छापलेले असते. समजा ते ३२०० आहे आणि १० मिनिटांत ५३ मोजले. तासाचे झाले ३१८, म्हणजे युनिटचा दहावा हिस्सा.

आता दर. महावितरणचे घरगुती दर जळगाव आणि धुळ्यात एकच आहेत. दीपनगरच्या वीज केंद्राशेजारी राहणाऱ्यालाही त्यात सवलत नाही. दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा १०१ ते ३००. २०२४-२५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक होता. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असते. म्हणून संगणकाची युनिटे बिलाच्या सरासरी दराने मोजू नयेत. ती घरच्या वापरावर वाढलेली युनिटे आहेत, त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो.

समजा, सर्व आकार धरून पहिल्या टप्प्यात युनिटला ७ रुपये आणि दुसऱ्यात १३ रुपये पडतात. घरचा वापर ९० युनिटे आहे. संगणकाच्या २१ पैकी १० युनिटे ७ रुपयांनी आणि ११ युनिटे १३ रुपयांनी लागतील. एकूण २१३ रुपये.

पण खानदेशचा उन्हाळा विसरून चालणार नाही. एप्रिल-मे मध्ये कामाच्या खोलीत कूलर लागतोच. तो १८० वॅटचा असेल तर तेवढ्याच तासांत ३७ युनिटे, म्हणजे ४८१ रुपये. संगणकापेक्षा कूलर महाग! दोन्ही मिळून महिन्याला ६९४, दिवसाला सुमारे २७ रुपये. रोज २० पाने टाइप करणाऱ्यास पानामागे सव्वा रुपयाहून जास्त वीज लागली. पानाचा भाव ठरवताना हा खर्च धरलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशानुसार, घराच्या काही भागात धंदा करणाऱ्यास घरगुती दर मिळण्यासाठी महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि आदल्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटांपर्यंत असावा लागतो. पुढे गेल्यास घरगुती दर जातो. म्हणून यंत्रे वाढवण्यापूर्वी मागची बारा बिले काढून युनिटांची बेरीज करावी आणि सध्याचा नियम महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावा.

वहीत वीज हा वेगळा रकाना आजच पाडा. त्यानंतर जे उरेल, तीच आपली खरी कमाई.