वादळ क्षीण झालें, म्हणजे काय झालें?

"गुरुजी, समुद्र तर आम्हीं पाहिलाहि नाहीं, मग त्याच्या वादळानें आमचा कापूस कां भिजावा?" झरी जामणीस शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें मला हा प्रश्न विचारला होता. श्रोतेहो, पैनगंगेकांठच्या, तेलंगणाच्या सीमेस लागून असलेल्या आमच्या तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी नव्हे.

बंगालच्या उपसागरांत चक्रीवादळांचे हंगाम दोन : पावसाळ्यापूर्वींचा एप्रिल ते जून, आणि नंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबर. समुद्राच्या पृष्ठभागाचें पाणी सुमारें २६ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण असलें, म्हणजे वाफ भराभर वर चढते. वर तिचें पाणी होतांना उष्णता बाहेर पडते आणि ती हवेस आणखी वर ढकलते. खालीं भोंवतालची हवा धांवत येते, पृथ्वीच्या भ्रमणामुळें वळते, आणि भोंवरा जमतो. मग भर पावसाळ्यांत, समुद्र उष्ण असूनहि, मोठीं वादळें कां होत नाहींत? त्या वेळीं खालीं नैर्ऋत्येचा वारा, तर उंचावर पूर्वेचा जोरदार वारा असतो. भोंवऱ्याचें शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे ओढलें जातें. त्याचे लहान अवदाबच होतात, आणि विदर्भाच्या पावसास ते उपयोगीच पडतात.

परंतु २०२१ सालीं वादळानें ऑक्टोबरची वाट पाहिली नाहीं. २६ सप्टेंबरला 'गुलाब' हें वादळ आंध्र प्रदेशांत कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलें. (नांव पाकिस्ताननें सुचविलेलें. वादळास असें नाजुक नांव देण्यांतली रसिकता मला अद्याप उमगलेली नाहीं!) जमिनीवर येतांच वाफेचा पुरवठा तुटला, वारा ओसरला, पण सांठलेली वाफ कोठें जाणार? पश्चिमेकडे सरकत तिनें सुमारें ६०० किलोमीटरांवरील आमचा जिल्हा व पलीकडील मराठवाडा झोडपून काढला. २८ सप्टेंबरला उमरखेड तालुक्यांत दहागांवच्या नाल्याच्या पुरांत एस. टी. ची बस वाहून गेली, माणसें दगावलीं. पुढें तेंच वादळ अरबी समुद्रांत उतरलें, पुन्हा बळावलें, आणि 'शाहीन' या नांवानें ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळलें.

त्या दिवसांत सोयाबीन कापणीस आलेलें असतें. शेंग भिजत राहिली कीं आंतल्या दाण्यास कोंब फुटतात. कपाशीचीं खालचीं बोंडें सडतात. फुटलेला कापूस पिवळा पडतो आणि बाजारांत भाव उतरतो. किनाऱ्यावरचीं उडालेलीं छपरें जगास दिसतात, हें नुकसान खळ्यांतच राहतें.

किनाऱ्यावरील लोकांना 'वादळ क्षीण झालें' ही वार्ता ऐकून हायसें वाटतें. तो माझा विद्यार्थी आतां शेती करतो. हेच शब्द कानीं पडले, कीं तो कापलेल्या सोयाबीनवर ताडपत्री घालावयास शेताकडे निघतो.