लेखनाधिकार आणि फाइल : संगणकावरील जतनदोषांची मीमांसा

शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. या प्रतीच्या अखेरीस परंपरेने ज्या ओव्या दिल्या जातात, त्यांत कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले आहे. वाचण्याची मुभा सर्वांना, लिहिण्याची मात्र कोणालाही नाही, असा हा निर्बंध होय. पोथीच्या बाबतीत त्याचे पालन नकलकाराच्या सद्बुद्धीवर अवलंबून असे. संगणकात तोच निर्बंध यंत्र स्वतः अमलात आणते. प्रबंधलेखनाच्या वा पाठसंपादनाच्या ऐन भरात ‘परवानगी नाकारली’ अशी सूचना पडद्यावर येते, तेव्हा बहुधा असाच एखादा निर्बंध आड आलेला असतो. तो नेमका कोणता, हे ओळखण्याची रीत येथे मांडावयाची आहे.

१. जतनाची प्रक्रिया

पडद्यावरील नवा मजकूर प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, डिस्कवर नव्हे. जतनाची आज्ञा मिळाल्यावर लेखनाची आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टीमकडे तशी मागणी करते. मागणारा कोण, फाइल कोणाची आणि त्याला तेथे लिहिण्याचा अधिकार आहे काय, हे पाहून सिस्टीम ती मान्य अगर अमान्य करते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. मागणी अमान्य झाली म्हणजे मजकूर गेला असे नव्हे. तो जातो आज्ञावली बंद केल्यावर. म्हणून दोषाचे कारण शोधण्यापूर्वी, आज्ञावली उघडी ठेवूनच, ‘सेव्ह ॲज’ने तो मजकूर स्वतःच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये नव्या, लहान नावाने जतन करावा.

२. मालकी व अधिकार

१९७० च्या दशकात रूढ झालेल्या युनिक्स पद्धतीत प्रत्येक फाइलला मालक, गट व इतर असे तीन वर्ग आणि वाचन, लेखन व चालन असे तीन अधिकार असतात. ६४४ या संकेताचा अर्थ असा, की मालकाने वाचावे व लिहावे. इतरांनी केवळ वाचावे. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने प्रत्येक फाइलसोबत अधिकारांची सविस्तर यादी ठेवण्याची सोय केली.

या दोन्ही पद्धतींत मालकाची नोंद नावाने नव्हे, तर क्रमांकाने होते. जुन्या संगणकाची डिस्क नव्या संगणकाला जोडली, तर वापरकर्त्याचे नाव तेच असूनही त्याला स्वतःच्या फाइली नाकारल्या जातात, त्याचे कारण हेच. अशा वेळी प्रशासकाच्या खात्यातून त्या फोल्डरची मालकी नव्या खात्याकडे घ्यावी लागते.

फाइलइतकाच फोल्डरचा अधिकारही निर्णायक असतो. अनेक आज्ञावली मूळ फाइलवर थेट लिहीत नाहीत. शेजारी तात्पुरती फाइल तयार करून तिला शेवटी मूळ नाव देतात. त्यामुळे फाइलवर लेखनाधिकार असूनही फोल्डरवर नसेल, तर जतन अडते. विंडोज व्हिस्टापासून (२००७) प्रशासकाच्या आज्ञावलीही सामान्य अधिकारानेच चालतात. म्हणून ‘प्रोग्रॅम फाइल्स’सारख्या फोल्डरमध्ये लेखन नाकारले जाते. तेथे दस्तऐवज न ठेवणे हाच खरा उपाय होय.

३. अधिकाराचा आभास निर्माण करणारे दोष

वर्ड व लिब्रेऑफिस या आज्ञावली उघडलेल्या फाइलशेजारी एक छोटी छुपी कुलूप-फाइल ठेवतात. वीज गेल्यास ती तशीच राहते आणि फाइल दुसऱ्या कोणी उघडली असल्याचा भास होतो. फाइल खरोखरच अन्यत्र उघडी नाही याची खात्री करूनच कुलूप-फाइल काढावी. ई-मेलने आलेला दस्तऐवज वर्ड प्रथम संरक्षित रूपात, केवळ वाचनासाठी उघडतो. २०१७ पासून विंडोज १० मध्ये नियंत्रित फोल्डरांची सोय आहे. ती चालू असल्यास अनोळखी आज्ञावलीला ‘डॉक्युमेंट्स’मध्येही लिहिता येत नाही. मॅकमध्ये २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून अशा फोल्डरांसाठी प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्र संमती द्यावी लागते.

४. मराठी शीर्षकांचा विशेष प्रश्न

‘अमुक : एक अभ्यास’ ही आपल्या प्रबंधशीर्षकांची सर्वपरिचित घडण. परंतु विंडोजच्या फाइलनामात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह व तिरकी रेघ वर्ज्य आहेत. सामान्यतः विंडोज असे नाव नाकारते. काही आज्ञावली ही खबरदारी घेत नाहीत. तेव्हा अपूर्णविरामापूर्वीच्या नावाची, शून्य आकाराची दिसणारी फाइल तयार होते आणि मजकूर तिच्या एका अदृश्य प्रवाहात जाऊन बसतो. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर प्रत केल्यास तो प्रवाह सोबत जातच नाही.

नावाच्या लांबीचेही तसेच. लिनक्समध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त यांची गणनाही स्वतंत्र होते. ‘ज्ञानेश्वरी’ ही उच्चारात चार अक्षरे. संगणकाच्या लेखी ती ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट. या हिशेबाने ८५ चिन्हांपलीकडे नाव जाऊ शकत नाही. विंडोजवर चाललेली लांब नावाची फाइल लिनक्सवर अडते ती यामुळे.

५. निष्कर्ष

निदानाचा क्रम असा असावा : प्रथम मजकूर अन्यत्र सुरक्षित करणे, मग नाव, डिस्कवरील जागा, कुलूप, फोल्डर आणि शेवटी मालकी तपासणे. सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकणे किंवा आज्ञावली नेहमीच प्रशासक म्हणून चालवणे हे उपाय सोपे खरे, पण घातक. लिनक्सवर प्रशासकाने निर्माण केलेली फाइल प्रशासकाच्या मालकीची होते व पुढील वेळी सामान्य खात्याला नाकारली जाते. म्हणजे उपायच नव्या दोषाचे कारण ठरतो.

अडचण टळल्यावर ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशा प्रती मागे उरतात. त्यांतील अधिकृत प्रत कोणती, हे त्याच दिवशी ठरवून इतर प्रती तारखेसह वेगळ्या ठेवाव्यात. अन्यथा प्राचीन ग्रंथांचे पाठभेद निश्चित करू पाहणाऱ्या अभ्यासकावर स्वतःच्याच प्रबंधाची पाठचिकित्सा करण्याची वेळ येते. आणि तेथे साक्षीला नकलकाराचे हस्ताक्षरही नसते.